फिक्या कोंबडीचा डबा

मांजराच्या पिल्लाला जुलाब लागले की घरातल्या किती माणसांचं शिक्षण वाया जातं, याचा अभ्यास अजून कुणी केलेला नाही. आमच्याकडे सगळी सोय होती. मी रसायनशास्त्राची एम.एस्सी., नवरा वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटी इंजिनियर, समोरच्या दारातले मोहियोद्दीन भाई निवृत्त हेडमास्तर. आणि अशी तीन शिकलेली माणसं एका सकाळी बाल्कनीत उकिडवी बसून ट्रेमधल्या वाळूकडे बघत होती. कालच्यापेक्षा घट्ट की कालच्यापेक्षा पातळ, यावर आमचं एकमत होत नव्हतं.

पिल्लं आमची नव्हती. उस्मानपुऱ्यात द्वारकाताई म्हणून एक बाई आहेत. टाकून दिलेली कुत्री-मांजरं त्या गोळा करतात आणि त्यांना कायमचं घर मिळेपर्यंत 'नाही' म्हणता न येणाऱ्या बायकांकडे ठेवतात. याला फॉस्टर म्हणतात. दत्तक नव्हे, दत्तक जाण्याआधीचं माहेरपण. "तुम्हाला काही करावं लागत नाही हो," असं त्यांनी मला सांगितलं होतं. "खातात, झोपतात, खेळतात." खाणं आणि झोपणं यांच्या मध्ये आणखी एक गोष्ट असते, ती त्यांनी गाळली. मीही विचारली नाही. एका लेकराची आई असून मला ते सुचू नये, याचं नवल अजून वाटतं.

पिल्लं तीन. त्यांची नावं माझ्या लेकीनं, मैनानं ठेवली. मैना तीन वर्षांची आहे आणि आमच्या गावात मोठी माणसं दिवसभर ज्या विषयावर बोलतात तोच तिलाही महत्त्वाचा वाटतो. नळाला पाणी कधी येणार, मोटर लावली का, टाकी भरली का. त्यामुळे सगळ्यात गलेलठ्ठ ती टाकी, सतत घुरघुरणारी ती मोटर आणि मुठीत मावणारा, कान मोठे आणि बाकी काहीच नाही असा तो नळ्या. आमच्या नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं. हा नळ्या मात्र दिवसभर चालू.

तिघांचीही पोटं बिघडलेली होती, पण टाकी आणि मोटर अंगानं भरलेल्या, त्यांना ते पेलत होतं. नळ्याला नाही. तळहातावर घेतला की काल होता त्यापेक्षा आज हलका वाटायचा. मैना दुपारी झोपली की मी त्याला ओढणीत गुंडाळून मांडीवर घ्यायची. तो माझ्या बोटाला डोकं टेकवून असा बघायचा, जणू या सगळ्या प्रकाराबद्दल त्यालाच माझी माफी मागायची आहे.

त्यात पैठणच्या एक आशाबाई, शाळेतल्या शिक्षिका, तिन्ही पिल्लं एकत्र न्यायला तयार झाल्या होत्या. तिन्ही एकत्र नेणारं माणूस मिळणं म्हणजे तीन बहिणींना एकाच घरात स्थळ मिळण्यासारखं. द्वारकाताईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं, "आजारी पिल्लू मी एसटीनं पाठवणार नाही. आशाबाई पुढच्या रविवारी येतायत. नळ्या सावरला तर तिघं जातील. नाहीतर दोघी जातील आणि नळ्या परत माझ्याकडं पिंजऱ्यात. आणि खरं सांगू का, एवढासा जीव तिथं बाकीच्या आजाऱ्यांत टिकेल असं मला वाटत नाही."

मैना शेजारीच होती. "नळ्या पण बसनं जाणार ना?" तिनं विचारलं.

"जाणार," मी म्हणाले. आई झाल्यापासून मी अशी बरीच वचनं तारण न ठेवता देते.

सल्ल्यांची टंचाई नव्हती. पाण्याची असते, सल्ल्यांची कधी नाही. तळमजल्यावरचे आप्पा, आमच्या अपार्टमेंटचे चेअरमन, जायफळ उगाळून चाटवा म्हणाले. मोहियोद्दीन भाईंकडे होमिओपॅथीची पेटी आहे. त्यांनी साबुदाण्याएवढ्या गोळ्या दिल्या आणि मला नळ्याचा स्वभाव विचारला. चिडका की हळवा? एकटेपणा आवडतो की माणसं? रात्री स्वप्नं पडतात का? मी शक्य तेवढी खरी उत्तरं दिली.

माझ्या सासूबाई, वच्छलाबाई, वैजापूरकडच्या. मेंढरं राखणाऱ्या घरात जन्मल्या, मेंढरं राखणाऱ्या घरात दिल्या गेल्या. त्यांनी डाळिंबाची साल उकळली. "कोकराला हगवण लागली की ह्योच इलाज. सांजच्याला कोकरू उड्या मारतंय का न्हाय बघ." सांजच्याला नळ्या काही उड्या मारत नव्हता. "मांजराची जातच निराळी," असं म्हणून त्यांनी उरलेला काढा माझ्या नवऱ्याला प्यायला लावला.

नवऱ्याचं नाव फकिरा. सासूबाईंनी पिराला नवस केला होता, म्हणून. कंपनीत तो हे नाव शक्यतो आद्याक्षरावर भागवतो. त्याची पद्धत शास्त्रीय. कंपनीत माल खराब निघाला की कारण शोधायला माशाच्या सांगाड्यासारखी एक आकृती काढतात म्हणे. एकेका काट्यावर एकेक कारण. त्यानं ती मोठ्या कागदावर काढून फ्रिजवर चिकटवली. पाणी, जंत, हवामान, ट्रेमधली वाळू, मनावरचा ताण. टाकीनं तो मासा पहिल्याच दिवशी फाडून थोडा खाल्ला. तेवढं एक तिच्या पचनाला मानवलं.

मी मात्र रीतसर मार्गानं जायचं ठरवलं. खाजगी डॉक्टर, हबीब त्यांचं नाव, नमुना तपासून आणा म्हणाले. तपासणी सरकारी दवाखान्यात होते आणि नमुना ताजा लागतो. आता ताजा नमुना ही मांजराच्या मर्जीची गोष्ट आहे. सकाळभर आम्ही नळ्याच्या मागे जामची धुतलेली बाटली घेऊन फिरत होतो. जो प्राणी दिवसभर थांबत नव्हता, त्यानं त्या सकाळी व्रत घेतलं. अखेर मी साडी नेसून, दुसऱ्या एका कामाला म्हणून निघाले तेव्हा त्यानं माझ्या चपलेत नमुना दिला.

बाटली पर्समध्ये, पर्स स्कूटीला, अशी मी निघाले. सिग्नलला बाजूला रिक्षा थांबली आणि रिक्षात आमचे एचओडी सर. ज्यांच्या हाताखाली मी प्रबंध केला ते. "अगं, तू! सध्या काय, संशोधन वगैरे?"

"विश्लेषण चाललंय सर," मी म्हणाले. खोटं नव्हतं.

"छान, छान. सॅम्पल कुठून घेतेस?"

देवाच्या दयेनं सिग्नल हिरवा झाला.

सरकारी दवाखान्याच्या खिडकीवरच्या माणसानं कागद पुढे ओढला. "जनावर कुठंय?"

"जनावर घरी आहे. नमुना आणलाय."

"कोणतं जनावर?"

"मांजराचं पिल्लू."

त्यानं पेन खाली ठेवलं. "मॅडम, इथं गाय आहे, म्हैस आहे, शेळी आहे, कुक्कुट आहे. मांजराला जागा नाही."

"इतरमध्ये घाला ना."

"इतरमध्ये वराह येतो." त्यानं पेन पुन्हा उचललं. माणूस वाईट नव्हता. "लहानच आहे ना? कुक्कुटमध्ये घालतो. दूध देतं का? नाही. अंडी?"

"अजून तरी नाही," मी म्हणाले.

मग जेवणाची सुट्टी झाली. सुट्टी संपेपर्यंत नमुना ताजा राहिला नाही म्हणून तो परत आला, आणि दुसऱ्या दिवशी चपलेचा दुसरा जोड खर्ची घालून मी पुन्हा गेले. अहवालात लिहून आलं: कुक्कुट पक्षी, नर, जंत आढळले नाहीत.

डॉक्टर हबीब तरुण आहेत, पण गंभीर आहेत. ते अहवाल वाचूनही हसले नाहीत. नळ्याला वजनकाट्यावर ठेवलं. काटा जेमतेम हलला. "जंत नाहीत म्हणजे खाण्याचं आहे," ते म्हणाले. "दूध पूर्ण बंद. जायफळ, काढे, गोळ्या, सगळं बंद. फक्त उकडलेली कोंबडी आणि मऊ भात. मीठ नाही, तेल नाही, मसाला नाही. एकदम फिकं. पोट आपोआप बसेल. पण लवकर बसलं पाहिजे हं. ह्याच्या अंगात शिल्लक काही नाही."

इतका सोपा उपाय! आणि इथूनच खरं रामायण सुरू झालं.

सासूबाईंच्या गळ्यात माळ आहे. "माझ्या गॅसवर कोंबडी चढायची नाय," त्या म्हणाल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, म्हणजे विषय संपला. पण नळ्याकडे बघून लगेच पुढं म्हणाल्या, "त्यानं खाऊ नये असं माझं म्हणणं नाय. त्याच्या गळ्यात कुठं माळ हाय? फकस्त माझ्या घरात शिजू नगं."

हे बिल्किस आपांच्या कानावर गेलं. बिल्किस आपा म्हणजे मोहियोद्दीन भाईंच्या पत्नी. आमच्या दोघांच्या दारात चपलांच्या रॅकएवढं अंतर. सासूबाईंचं आणि त्यांचं रोज दुपारी जिन्यात बसून लसूण सोलणं, तांदूळ निवडणं चालतं. सासूबाई आपली मराठी सोडत नाहीत, आपा आपली दख्खनी सोडत नाहीत, आणि दोघींचं एक वाक्य वाया जात नाही.

"अगं बेटा, हम कायकू हैं फिर?" आपा कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "हमारे घर में तो पकताच है. फिक्र नक्को करो. रोज डब्बा पाठवते मी."

पहिल्या दिवशी स्टीलचा चकचकीत डबा आला. आत पांढरीफटक उकडलेली कोंबडी, नीट बारीक तोडलेली. पिल्लांनी चाटूनपुसून खाल्ली. आणि दुसऱ्या सकाळी, मी शपथेवर सांगते, ट्रेमध्ये स्पष्ट सुधारणा होती. नवऱ्यानं फोटो काढला. मी तो द्वारकाताईंना पाठवला. त्यांनी त्यावर बदाम पाठवला.

सासूबाईंनी डबा घासला, पुसला आणि हातात धरून स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या.

"द्या, मी देऊन येते," मी म्हणाले.

"रिकामा?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना अनवाणी, बिनकुंकवाचं गावजेवणाला पाठवतेय. "दुसऱ्याच्या घरचा डबा रिकामा धाडायची रीत हाय का आपली?" आणि त्यांनी त्यात मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा घातला.

दुसऱ्या दिवशी डबा आला. सासूबाईंनी परत पाठवताना शेंगदाण्याची पोळी घातली. तिसऱ्या वेळी धपाटे, वर दह्याची वाटी. मग साजूक तुपातले बेसनाचे लाडू. मी कौतुकानं बघत होते. शेजारधर्म असावा तर असा. आणि त्याच वेळी इकडे ट्रेमधली परिस्थिती पहिल्यापेक्षा वाईट होत चालली होती. टाकी आणि मोटरसुद्धा आता लाजेनं पडद्यामागे जाऊ लागल्या.

धुण्याला पाणी पुरेना. फडकी, पायपुसणी, चादरी, मैनाचे फ्रॉक. आप्पा वर आले. "वहिनी, टाकीची पातळी एकदम उतरलीय. गळती कुठंय?"

मी बाल्कनीकडे बोट दाखवलं. आप्पांनी नळ्याला बघितलं, नळ्यानं आप्पांना. आप्पा घसा खाकरून म्हणाले, "जायफळ दिलं नाही ना तुम्ही?" आणि खाली गेले.

आता माझ्याकडून एक गोष्ट सांगायची राहिली. माझं माहेर शाकाहारी. सासर सासूबाईंच्या माळेमुळं शाकाहारी. मी जन्मात कोंबडी शिजवलेली नाही, खाल्लेली नाही, झाकण काढून जवळून बघितली तीही याच डब्यात. तो डबा दिवसेंदिवस सुंदर होत होता. कोंबडी आधी पांढरी होती, मग सायीच्या रंगाची झाली, मग तिच्यावर सोनेरी झाक आली. मला वाटलं, कोंबड्या वेगवेगळ्या रंगांच्या असतात, तेव्हा आतूनही असतील. वास तर असा यायचा की झाकण उघडलं की मैना म्हणायची, "आई, लग्न!" त्या वासात वेलची होती. मला वाटलं कोंबडीला मुळातच वेलचीचा वास येत असावा आणि म्हणून लोक तिच्यासाठी एवढे वेडे होतात.

ज्या दिवशी सासूबाईंनी पुरणपोळ्या पाठवल्या, तुपात बुडवून, जायफळ घालून, त्याच्या दुसऱ्या दिवशी नळ्या सकाळी उठून पायाशी आला नाही. एरवी तो लडखडत का होईना येऊन पायाच्या अंगठ्यावर डोकं ठेवायचा. त्या दिवशी टोपलीत तसाच पडून राहिला. हाक मारली तर फक्त एक कान हलवला. मैनानं आपली गोधडी आणून त्याच्यावर घातली, जवळ बसली आणि त्याला माझ्याच सुरात समजावलं, "नळ्या, रविवारी बस आहे हं."

मी त्याला डॉक्टरांकडे नेलं. हबीबनी पाण्याचं इंजेक्शन दिलं. वजन आणखी उतरलं होतं. "मी सांगितलं तेच देताय ना?"

"तेच. दुसरं काही नाही. फक्त उकडलेली कोंबडी."

"मग हे व्हायला नको," ते म्हणाले. "आणखी असंच राहिलं तर माझ्या हातात फारसं काही नाही."

मी घरी आले. डोळे भरले होते, म्हणून बाल्कनीत तोंडावर पाणी मारायला गेले. तिथं कपड्यांच्या दोरीमागे, वाळत घातलेल्या चादरीच्या आडोशाला, माझा नवरा पाठमोरा बसला होता. हातात भाकरीचा तुकडा, मांडीवर मांजरांचा डबा.

"अहो!"

तो इतका दचकला की भाकरी बाल्कनीतून खाली आप्पांच्या तुळशीत पडली. "क्वालिटी चेक," तो म्हणाला. तोंड भरलेलं होतं.

"मांजरांचं अन्न खाताय तुम्ही?"

"आईला सांगू नकोस. अगं, थोडंसंच. रोज एखादाच घास. मीठ अगदी बरोबर असतं आपांच्या हाताला."

"मीठ?" मी म्हणाले.

"आणि मिरी. आज काजूपण वाटून..." तो बोलता बोलता थांबला. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा मी त्याचा चेहरा जसा बघितला होता, तसा झाला. तो क्वालिटीचा इंजिनियर होता. फ्रिजवरच्या फाटक्या माशाचा एक काटा, खाण्याचा, राहून गेला होता, आणि तो त्याच काट्यावर भाकरी लावून रोज खात होता.

"म्हणजे," मी हळूच विचारलं, "कोंबडीला मुळात वेलचीचा वास येत नाही?"

"कोंबडीला कोंबडीचा वास येतो," नवरा म्हणाला.

मी तशीच आपांकडे गेले. दार उघडंच होतं. गॅसवर छोटं पातेलं, पातेल्यात साय घालून मंद आचेवर रटरटणारं काहीतरी, ओट्यावर वाटलेल्या काजूंची वाटी.

"आओ बेटा! खातात ना पिल्लं बराबर?"

"खातात आपा. पण हे... डॉक्टर फिकं म्हणाले होते."

"पहिले दिन फीकाच भेजी ना मैं!" आपा पातेलं ढवळत म्हणाल्या. "मग बाईंनी गूळ-शेंगदाणे धाडले. मेरेकू शरम आई. दुसऱ्या दिवशी जरा तूप घातलं. तो पोळी आली. मग मिरी घातली, तो लाडू आले. कल पुरनपोली आई, बेटा. मी एक घास खाल्ला आणि डोळ्यात पाणी आलं. उसके जवाब में फीका मुर्गा भेजूँ? नाक कटेगी मेरी!"

"पण आपा, ती मांजरं खातात."

"खाएँगे मांजर," आपा शांतपणे म्हणाल्या, "लेकिन डब्बा तो बाई के हाथ में जाता ना."

रसायनशास्त्रात याला उत्तर नाही. मी चाचरत म्हणाले, "जरा मसाला जास्त होतोय बहुतेक, पोटाला." आपांना पटलं. "हौ क्या? तो आजपासून मलाई ज़्यादा डालूँगी, तिखट मरून जाईल." मी निघाले तेव्हा माझ्या हातात शेवयांच्या खिरीचा वाडगा होता. मग मी नवऱ्याला पाठवलं. तो शुक्रवारच्या जेवणाचं निमंत्रण घेऊन परत आला.

शेवटी सगळं सासूबाईंना सांगितलं. भाकरीचा भाग गाळून. त्या ऐकत होत्या आणि टोपलीकडे बघत होत्या. नळ्या गोधडीत निपचित. मैना त्याच्या शेजारी अंगठा तोंडात घालून झोपली होती. तिचा एक हात टोपलीत.

"म्हंजे माझ्या पुरणपोळीनं," सासूबाई म्हणाल्या.

"तुमच्या नाही आई. तसं नाही."

"तसंच." त्या उठल्या. ओट्यावर घासून पालथा घातलेला डबा उचलला. शेजारच्या परातीत सकाळी तळलेल्या करंज्या होत्या. त्यांनी एक करंजी उचलून डब्यात ठेवली. थांबल्या. करंजी परत परातीत ठेवली. पुन्हा डब्यात ठेवली. डोंगर उतरणाऱ्या मेंढराला वाट सापडेना की ते जसं मागं-पुढं करतं, तशी त्यांची गत झाली. मग करंजी परातीत टाकून, पदर खोचून, डब्याचं झाकण घट्ट लावून त्या निघाल्या. मी मागोमाग.

आपांनी हसून डबा घेतला. हाताला हलका लागला असावा. झाकण उघडलं. आत फक्त त्यांचाच चेहरा दिसत होता, स्टीलमध्ये. हसू तसंच राहिलं, पण त्यातला जीव गेला. "कुछ गलती हुई क्या, बाई?"

"बघितलंस?" सासूबाई म्हणाल्या. "रिकामा हाय. माझ्या जल्मात पहिला. घरातनं तुझ्या दारापतोर यायला मला पाय उचलंना, लई जड गेलं. आता तुझी पाळी."

"मेरी पाळी?"

"मी रिकामा आणला. आता तू फिका धाड. दोघींची नाकं एकदमच कापली, म्हंजे कुणाची कुणाला दिसायची नायत."

आपा डब्याकडे बघत राहिल्या. मग पातेल्याकडे. मग माझ्याकडे, आणि सगळं त्यांच्या लक्षात आलं. "या अल्ला," त्या एवढ्या हळू म्हणाल्या की मलाच रडू आलं. "मेरे हाथ से?"

"माझ्या बी हातानं. अर्धं-अर्धं." सासूबाईंनी त्यांचा दंड धरला. "बस आता. रडू नगं. पाणी उकळाया ठेव, नुस्तं पाणी."

त्या दिवशी आपांनी पाण्यात कोंबडी उकडली. मीठसुद्धा नाही. मीठ न घालायचं म्हणजे त्यांच्या हाताला सुधरेना, बोटं सवयीनं बरणीकडे जायची. सासूबाई दारात उभ्या राहून पहारा देत होत्या. आत जायचं नाही, माळ होती ना. पण नजर बरणीवर. "बिल्किस, हात!" असं त्या दारातून म्हणायच्या आणि हात मागे यायचा.

आणि मग पिल्लांनी ते खाल्लं नाही.

खाणार कसं? सायीतल्या काजूवर वाढलेली जीभ ती. टाकीनं वास घेतला आणि माती उकरतात तसं फरशीवर पंजा ओढून बशी पुरायचा प्रयत्न केला. मोटर घुरघुरायची बंद झाली. दोघी उठून आपांच्या दारात जाऊन बसल्या आणि तिथं त्यांनी जे ओरडणं लावलं, ते ऐकून तळमजल्यावरून आप्पा मोर्चा आलाय का बघायला आले. दाराआड आपा, इकडे सासूबाई.

"थोडंसं तूप, बाई? बोटभर?" आपा दाराच्या फटीतून म्हणाल्या.

"नाय."

"उपाशी आहेत गं."

"मला दिसत न्हाय व्हय? मी बी आई हाय." सासूबाई म्हणाल्या. "पर नाय."

सगळ्यांत आधी खाल्लं ते नळ्यानं. ज्यानं चव घ्यायचंच सोडून दिलं होतं त्यानं. मैना उठली होती. तिनं आपल्या बोटावर कोंबडीचा एक धागा घेऊन त्याच्या तोंडाशी धरला. त्यानं तो चाटला. मग चावला. मग दुसरा. त्याला खाताना बघून टाकीचा निश्चय डळमळला, आपल्या वाट्याचं दुसऱ्यानं खाणं तिला कधीच बघवत नाही. थोड्या वेळानं बशी स्वच्छ झाली. दोन्ही दारांतल्या दोन्ही बायकांनी एकदम श्वास सोडला.

त्यानंतर जे झालं ते डॉक्टर हबीब म्हणाले होते तसंच झालं. फार नाट्य नाही. रोज थोडं थोडं. नळ्या पुन्हा अंगठ्यावर डोकं ठेवायला यायला लागला. मग अंगठा चावायला लागला. आणि शनिवारी सकाळी तो आपण होऊन ट्रेमध्ये गेला, गंभीर चेहऱ्यानं बसला, उठला, आणि त्यानं मागे वळूनही बघितलं नाही. आम्ही बघितलं. यावेळी मतभेद झाले नाहीत. मोहियोद्दीन भाई चष्मा सारखा करून "माशाअल्ला" म्हणाले. नवऱ्यानं फोटो काढला. आपांनी आणि सासूबाईंनी एकमेकींचे हात धरले आणि दोघी पोरींसारख्या हसत सुटल्या. एखाद्याच्या दहावीच्या निकालाला आमच्या अपार्टमेंटमध्ये एवढा आनंद झालेला मी बघितलेला नाही.

रविवारी द्वारकाताई वजनकाटा घेऊन आल्या. नळ्याला ठेवलं. काटा उठला, आणि या वेळी आम्हाला वाकून बघावं लागलं नाही. "तिघंही जातील," त्या म्हणाल्या. मैना ते ऐकून नाचली, आणि मग 'जातील' म्हणजे काय ते तिला कळलं आणि ती माझ्या साडीत तोंड खुपसून उभी राहिली. मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. माझंही तोंड खुपसायला कुणाची साडी असती तर बरं झालं असतं.

आशाबाई पैठणच्या गाडीनं वेळेवर आल्या. गोऱ्या, ठेंगण्या, बोलायला अतिशय लाघवी. पिल्लांना बघून त्यांचे डोळेच भरून आले. नळ्या सरळ त्यांच्या पदराखाली शिरला, म्हणजे मला शेवटची धाकधूक होती तीही गेली. सासूबाईंनी चहा टाकला. आपा मुद्दाम समोरच्या दारातून आल्या, पिल्लांना निरोप द्यायला. सगळं इतकं छान चाललं होतं.

मग आशाबाईंनी पिशवीत हात घातला आणि एक मोठा, गोल, कडीचा डबा बाहेर काढला.

"रिकाम्या हातानं कसं यायचं हो?" त्या हसून म्हणाल्या. "पिल्लांसाठीच आणलंय. आमच्या घरच्या म्हशीच्या दुधाची बासुंदी. आटीव आहे. वर थोडा सुका मेवा घातलाय."

सासूबाईंनी आपांकडे बघितलं. आपांनी सासूबाईंकडे बघितलं.

"बसा, आशाबाई," सासूबाई गोड आवाजात म्हणाल्या. "अशा टेकून नीट बसा. जरा बोलायचंय."

आणि बिल्किस आपांनी उठून दाराला आतून कडी घातली.